खालची बाजू

"अगं, दाढी राहू दे. अंगातला जोर जाईल माझा."

"दाढी मी करतेय, जोर तुमचा कसा जाईल?" बायकोने त्याची हनुवटी वर धरली. "दिवसभर झोपता आणि तरी दमता. कशानं दमता हो तुम्ही?"

खांबाने हनुवटी तिच्या हातात सोडून दिली. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत त्याने उभी हयात काढली होती. कपाट जिन्यावरून उतरवताना खालच्या बाजूच्या माणसावर सगळा भार येतो आणि ती बाजू कायम त्याची. म्हणून सगळे त्याला खांब म्हणत. तेव्हाचा थकवा त्याच्या ओळखीचा होता. पोटभर जेवून झोपलं की सकाळी गेलेला असायचा. आताचा थकवा झोपेतून त्याच्याआधी उठायचा. पोटातल्या कॅन्सरने आधी भूक नेली, मग मांड्या नेल्या, मग दंड. कपाटं टेकवून टेकवून खांद्यावर पडलेला घट्टा तेवढा शाबूत होता. त्याच्याखाली थेट हाड लागायचं.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. "हे औषध सोसायला शरीरात ताकद लागते. पुढच्या वेळी या दारातून चालत आलात तर चालू ठेवू. तुम्हाला उचलून आणायची पाळी आली तर मात्र बंद करावं लागेल."

तेव्हापासून खांब ताकद जपून ठेवत होता. रेडिओ लावायला उठायचा नाही, कामाशिवाय बोलायचा नाही, कूस बदलायची तरी विचार करून बदलायचा. धाकटा भाऊ त्याच कंपनीत होता. तो आणि त्याच्या जोडीला काम करणारा मिशीवाला असे दोघं येऊन त्याला तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवणार होते. त्यात लाज वाटायची ती वाटू दे. डॉक्टरांच्या दारातून मात्र तो आपल्या पायांनी जाणार होता.

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. नवरा डॉक्टरांपुढे माणसासारखा दिसला पाहिजे, पारोसा आणि खंगलेला नाही. तिने त्याला आंघोळ घातली, दाढी केली, आत जाड बंडी आणि वर दोन स्वेटर चढवले, पँटच्या आत पायजमा घातला. "आता बघा, कसे भरल्यासारखे दिसताय," असं म्हणून ती खरोखर खूश झाली. तिचं तरी काय चुकलं? पण हात वर करा, मान वळवा, पाय घाला, यातच आठवडाभर जपलेलं सगळं संपून गेलं. खांब दाराजवळ खुर्चीत बसून धापा टाकत होता आणि बायको त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत होती.

दोघं आले. कंपनीत कुणी नवा माणूस लागला की खांब त्याला पहिली गोष्ट हीच शिकवायचा की वस्तू आधी हलवून बघायची, वजनाचा अंदाज घ्यायचा आणि मगच उचलायची. आज कुणी हलवून बघितलं नाही. माणसाला कोण हलवून बघतं, आणि तेही खांबाला? स्वेटरांमध्ये तो चांगला आडवातिडवा दिसत होता. भावाने खुर्चीचे पुढचे पाय धरले, मिशीवाल्याने तिची पाठ.

"एक, दोन, हं!"

दोघांनी खांबाला साजेल असा जोर लावला. खुर्ची उडालीच. खांबाचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं.

"आयला, रिकामंच आहे की!" मिशीवाला बोलून गेला. एखादं कपाट हलकं निघालं की सगळे असंच ओरडायचे. शब्द तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली, पण आता त्याचा काय उपयोग? बायकोने तोंडावर पदर घेतला आणि भिंतीकडे वळली.

"हलवून का नाही बघितलं?" खांब कपाळ चोळत म्हणाला. "काय शिकवलं होतं रे, गाढवांनो?" त्याला दरडावायचं होतं. आवाज आजारी पोरासारखा निघाला.

जिन्यावर खालची बाजू भावाने घेतली. पहिल्याच वळणावर तो थांबला आणि वर न बघता म्हणाला, "मिशा, सोड तू. खुर्चीचीच अडचण होतेय." त्याने थोरल्या भावाला पाठीवर घेतलं आणि झपाझप उतरला. धापही लागली नाही त्याला. मिशीवाला रिकामी खुर्ची घेऊन मागून येत राहिला. भावाच्या पाठीवर खांबाला मनापासून रडू येत होतं, पण रडायलाही जोर लागतो म्हणून त्याने ते आवरलं.

दवाखान्यात पोचल्यावर भावाने विचारलं, "दादा, आत नेऊ?"

"दारापाशी उभा कर. आणि हात लावलास तर याद राख."

भावाने त्याला उभं केलं. एक हात भिंतीवर ठेवून खांब उभा राहिला. दार जाड होतं, आपोआप मिटणारं, वर स्प्रिंग बसवलेलं. पूर्वी त्याने याकडे कधी लक्षसुद्धा दिलं नव्हतं. त्याने तळहात टेकून ढकललं. दार जागचं हललं नाही. मग सवयीने त्याने खांदा लावला, घट्ट्याची बाजू. दात आवळले, डोळे मिटले. बूट फरशीवरून हळूहळू मागे सरकू लागले. भावाचा हात पुढे आला.

"लावू नकोस म्हटलं ना!"

हात तसाच हवेत राहिला. बाहेर कुणीतरी घुटमळतंय हे आत कळलं असावं. डॉक्टरांचा आवाज आला, अगदी आपुलकीचा.

"या ना. दार उघडंच आहे."