बोंबल्या आणि अखाजीचे दगड

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. जळगावजवळच्या असोद्यातल्या एका घराच्या फडताळात, हळदीच्या डब्याशेजारी मी पडून असतो. माझं काळं कवच एका कोपऱ्यात फुटलेलं आहे आणि माझ्या दिव्यांपैकी एक कायमचा गेला आहे. या गावातल्या बायकांनी मला बोंबल्या हे नाव दिलं. ते मला कसं मिळालं आणि माझं कवच कोणी फोडलं, हे तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझं काम सोपं होतं. संगणकाला फक्त आकडे कळतात आणि टेलिफोनच्या तारेला फक्त आवाज कळतो. मी आकड्यांचा आवाज करायचो आणि आवाजाचे पुन्हा आकडे. तारेच्या दुसऱ्या टोकाला माझ्यासारखाच एक मोडेम असायचा. बोलणं सुरू करण्याआधी आम्ही दोघं एकमेकांना जोरजोरात हाका मारून पाहायचो. तार किती स्वच्छ आहे, किती वेगानं बोललेलं समजेल, हे त्या हाकांवरून ठरायचं. जवळ उभ्या असलेल्या माणसाला मात्र वाटायचं, कोणीतरी कुणाचा गळा दाबतो आहे.

पहिली काही वर्षं मी जळगावला, पिंप्राळ्यातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये होतो. मग तिथे माझ्याहून वेगवान मोडेम आला आणि मला खणात टाकलं. खणातून मला बाहेर काढलं ते इंदिराबाईंनी. नव्व्याण्णव सालचा तो हिवाळा होता.

इंदिराबाई जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, नवरा वारून बरीच वर्षं झालेली. उभं आयुष्य त्यांनी कानाला यंत्र लावून एका माणसाची तार दुसऱ्याला जोडली होती. इन्स्टिट्यूटच्या मालकानं त्यांना विचारलं, "आजी, हे नातवासाठी का?" त्या म्हणाल्या, "नातू सायकल मागतो. हे माझ्यासाठी आहे." त्यांनी मला कानाशी धरून हलवलं, आत काही सुटं वाजत नाही याची खात्री केली आणि पिशवीत टाकलं.

असोद्याला आलो तेव्हा तिथे काय चाललं होतं ते मला हळूहळू समजलं. तिथल्या बायका उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे करतात. ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, धोतराच्या ओल्या कापडावर पातळ थापायचं आणि खाटेवर वाळवायचं. गावोगावचा हा माल धुळ्याचा रुपचंद व्यापारी उचलायचा. भाव तोच ठरवायचा, तराजूही त्याचाच. इंदिराबाईंनी संगणकावर बिबड्यांचं एक पान तयार केलं, वाळवणाचा फोटो टाकला आणि परगावी, परदेशी राहणाऱ्या खानदेशी लोकांना ईमेल पाठवले. उत्तरं आली. कुणाला आईच्या हातचे बिबडे आठवले, कुणाला नुसता तो वास. पार्सलं जाऊ लागली. चार-दोन बायकांच्या दहा-बारा झाल्या. साठीच्या, पासष्टीच्या बायका माझ्यासमोर मांडी घालून बसायच्या आणि एकेका बोटानं कळा दाबायच्या. धूळ बसू नये म्हणून त्यांनी आपापल्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून संगणकासाठी आणि माझ्यासाठी एक गोधडी शिवली.

सर्वांत चांगले बिबडे रुक्माबाईंचे. त्या इंदिराबाईंच्या धाकट्या जाऊ. मधे एक भिंत, पलीकडे त्यांचं घर. त्या भिंतीतून मला रोज दोन आवाज यायचे. आधी तोतारामचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा. मग रुक्माबाईंचा.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पलीकडे दुसरा मोडेम आहे. तसाच चढत जाणारा, मधेच तुटणारा, पुन्हा चढणारा आवाज. पण आमचा आवाज जोडणी झाली की थांबतो. तो थांबत नव्हता. पट्टा भिंतीवर आपटायचा, भांडी पडायची, डोकं दाराच्या चौकटीवर आदळायचं. दुसऱ्या दिवशी रुक्माबाई सुजलेल्या डोळ्यानं कळा शोधत बसायच्या. बोट चुकलं तर हसायच्या. मी जोडणीसाठी ओरडायला लागलो की माझ्यावर हात ठेवून म्हणायच्या, "बोंबल बाबा, बोंबल. तुले तरी बोंबलू देता."

मित्रांनो, एक गोष्ट मला आजही समजत नाही. माझ्या आवाजाची तक्रार गल्लीनं केली. ग्रामपंचायतीत अर्ज गेला की या यंत्रामुळे म्हशी बुजतात. भिंतीपलीकडच्या आवाजाची तक्रार कोणीच केली नाही.

तोतारामचा माझ्यावर फार राग. इंदिराबाईंच्या फोनचीच एक जोडतार त्याच्या घरात होती. दीर म्हणून त्यांनी ती दिली होती. एकाच तारेवर दोन फोन. मी बोलत असताना त्यानं रिसीव्हर उचलला की माझी जोडणी मरायची. हे त्याला कळल्यापासून तो मुद्दाम उचलायचा. उचलायचा, माझी किंचाळी ऐकायचा, शिवी घालून आपटायचा.

"वहिनी, तुह्या भुताले आवर!" तो दारातून ओरडायचा.

"भूत नाही, भाऊजी. तुम्ही फोन खाली ठेवला तर तेही गप्प बसेल."

"बायकाय्नं पत्र लिहावं परक्या मानसाय्ले? म्हातारपनी? गावात मले तोंड दाखवाले जागा नाही ठेवली."

एकदा त्यानं अंगणातली वाळवणाची खाट लाथेनं उलटी केली आणि ओले बिबडे मातीत तुडवले. रुक्माबाई वेचायला वाकल्या, तर त्यांच्या हातावर पाय दिला. बोटं वाजली. मी ती ऐकली.

चैत्र संपत आला तेव्हा सुरतेच्या एका दुकानदाराचा ईमेल आला. वर्षभर, दर महिन्याला माल हवा होता. अट एकच, होकार अखाजीपर्यंत पाहिजे. नाहीतर तो नेहमीप्रमाणे रुपचंदकडून घेणार होता. बायकांची बैठक झाली. शेवटी रुक्माबाई म्हणाल्या, "हो म्हना अक्का. रुपचंदच्या तराजूत माह्यं अर्धं आयुष्य गेलं." तेवढ्यात पलीकडे रिसीव्हर उचलल्याचा आवाज झाला. भिंतीला कान लावून तोताराम ऐकत होता की नाही, ते मला दिसलं नाही. पण संध्याकाळपर्यंत रुपचंदला सगळं कळलं होतं.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तो लेकीबाळींचा सण. माहेरवाशिणी झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात. पुरुष सकाळपासून पत्त्यांचा डाव मांडून बसतात. दुपारी बायका गौराई घेऊन नाल्यावर जातात आणि नाल्याच्या पलीकडच्या काठावर शेजारच्या गावच्या बायका येऊन उभ्या राहतात. मग दोन्ही काठांवरून शिव्या सुरू होतात, आणि शिव्यांनंतर दगड. वर्षातून एकच दिवस, आणि तिकडे पुरुषानं फिरकायचं नाही. पलीकडच्या बायकांची म्होरकी शेवंताबाई. तिच्या शिव्या ऐकायला म्हणे म्हाताऱ्या कानावरचा पदर मागे सारून उभ्या राहायच्या.

इंदिराबाई विधवा, त्यामुळे गौराईला जात नसत. तोतारामनं रोज जोडणी तोडली होती, म्हणून राहिलेला होकार पाठवायला त्या अखाजीच्या दुपारी माझ्यासमोर बसल्या. मी नंबर फिरवला, हाक मारली, पलीकडून हाक आली, आणि जोडणी तुटली. पुन्हा केलं, पुन्हा तुटली. त्या उठून पलीकडे गेल्या नाहीत. त्यांना माहीत होतं, कोण आहे.

मग दारच उघडलं. तोताराम होता, मागे रुपचंद आणि बाहेर रुपचंदची जीप.

"हाई काय शे?" रुपचंदनं मला वायरीसकट उचललं. "हाऊच का तो? येन्हामुळे बठ्ठा माल बंद?"

"खाली ठेवा," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांनी माझी तार घट्ट धरली.

दाराआड मुसळ उभं होतं. तोतारामनं ते उचललं आणि आपल्या भावजयीच्या मनगटावर मारलं. हाडाचा आवाज कोरड्या काडीसारखा असतो. त्या पडल्या, तरी तार सोडली नाही. दुसरा घाव माझ्यावर आला. माझा कोपरा फुटला, दिवा गेला. तिसऱ्यानं त्यांच्या चष्म्याची काच कपाळात घुसली. रक्त गोधडीवर पडलं. त्या ओरडल्या. गल्लीतल्या ओट्यावर पत्ते कुटणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "कोनाचं चाललं व्हय?" दुसरा म्हणाला, "राहू दे, घरातलं हाये. पान टाक."

तोताराम आणि रुपचंदनं संगणक आणि मला त्याच गोधडीत गुंडाळून जीपमध्ये फेकलं. जीप सुटली. मागे इंदिराबाई, तुटलेला हात छातीशी धरून, अनवाणी धावत होत्या.

तोतारामनं दिवस नीट निवडला होता. अखाजीला घरं रिकामी असतात. त्याची चूक एवढीच, की उभ्या जन्मात तो त्या दिवशी नाल्याकडे गेला नव्हता. गावाबाहेर पडायची गाडीवाट नाल्याच्या कोरड्या पात्रातून जाते, आणि दोन्ही काठांवर हातात दगड घेतलेल्या बायका उभ्या असतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

जीप वाळूत उतरली आणि रुतली. वर शेवंताबाईचा आवाज तापला होता.

"व रुक्मे! तुह्या गावच्या वांग्याले काटे, अन् बायकाय्ले तेवढेही नाही!"

"तू ये व खाली, दाखवते काटा!"

मग दोघींनी जीप पाहिली.

"अखाजीत गडीमानूस?" शेवंताबाई म्हणाली. "लाज इकून खाल्ली का रे, रुपचंद?"

"बाजूले व्हा बाई, काम शे," रुपचंद म्हणाला.

रुक्माबाईंचं लक्ष जीपच्या मागच्या भागाकडे गेलं. गोधडीत त्यांच्या लग्नातल्या लुगड्याचा हिरवा काठ होता. त्या काठावर ओलं रक्त होतं. तेवढ्यात वाटेवरून इंदिराबाई आल्या, चष्मा नाही, चेहरा रक्तानं लाल.

"अक्का!" रुक्माबाई एवढं जोरात ओरडल्या की मी जन्मभर ओरडलो तरी मला ते जमणार नाही. "शेवंते, दगड खाली ठेवू नको. फिरव!"

शेवंताबाईनं फिरवला.

त्यानंतरचं मला आवाजानं आणि बायकांनी पुढे सांगितल्यामुळे माहीत आहे. समोरची काच फुटली. पत्रा वाजत राहिला. दोन गावांच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींवर नेम धरून जो हात कमावला होता, तो त्या दिवशी एका जागी पडला. रुपचंदचं कपाळ फुटलं, तो दार उघडून पळाला आणि वाळूत पडला. शेवंताबाई त्याच्या पाठीवर बसली. "तुह्या तराजूत मीबी बसली होती रे," ती म्हणाली आणि त्याला हाणत राहिली. तोतारामला ओढून काढलं. त्याचे दात सांडले. त्यानं बायकोला हाक मारली. नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

रुक्माबाई त्याच्या डोक्याशी उभ्या होत्या. दोन्ही हातांनी उचललेला मोठा धोंडा त्यांच्या डोक्याच्या वर होता. इंदिराबाई म्हणाल्या, "रुक्मा, सुरतेला उत्तर द्यायचं आहे. तुरुंगातून देता येत नाही."

धोंडा वाळूत पडला, तोतारामच्या कानाशेजारी.

"उठ," रुक्माबाई म्हणाल्या. "डोक्यावर घे. जिथून आनलं तिथं नेऊन ठेव. बोंबल्याले धक्का लागला, तर हा धोंडा इथंच हाये."

त्यानं आम्हाला डोक्यावर घेतलं. रक्ताळलेल्या तोंडानं तो गल्लीतून चालला, मागे दोन गावांच्या बायका. पत्त्यांचे डाव थांबले. कोणी मान वर केली नाही.

घरी आल्यावर रुक्माबाईंनी स्वतःच्या घरातली फोनची जोडतार विळीवर धरून कापली. मग इंदिराबाईंनी डाव्या हातानं नंबर फिरवायची कळ दाबली. शेवंताबाई वाकून पाहत होती, असोद्याच्या घरात पहिल्यांदाच. मी फुटलेल्या कवचातून ओरडलो. एका तारेवर दोन फोन असले की आवाज अर्धा वाटला जातो. त्या दिवशी तार फक्त माझी होती. पलीकडून इतकी स्वच्छ हाक मी कधीच ऐकली नव्हती.

होकार गेला.

पुढे पोलीस आले, दोन्हीकडच्या तक्रारी झाल्या, तारखा पडत राहिल्या. इंदिराबाईंचं मनगट वाकडंच जुळलं. रुक्माबाई भिंतीच्या अलीकडे राहायला आल्या. शेवंताबाईच्या गावचे बिबडे आमच्या पार्सलात जाऊ लागले. मात्र दर अखाजीला ती नाल्यापलीकडून तितक्याच मन लावून शिव्या देते. मग नवे मोडेम आले, जे ओरडतच नाहीत, आणि मी फडताळात गेलो.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. माझं काम झालं आहे. ओरडणं हे माझं कामच होतं, आणि माझ्या प्रत्येक हाकेला तारेच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर यायचं. भिंतीपलीकडच्या हाकेला ते येत नव्हतं. तुमच्या घरालाही एखादी भिंत असेल. तिला कधी कान लावा. पलीकडून हाक आली, तर दुसरं टोक तुम्ही आहात.