टोळीला टीम करताना

सीताफळाचा हंगाम ऐन भरात असताना आमचे व्यवस्थापक सोमेश्वर सर पुण्याच्या एका हॉटेलात नेतृत्व शिकून आले. येताना त्यांनी सिंहाचं मोठं चित्र आणलं आणि शीतगृहाच्या दारावर चिकटवलं. आमच्या डोंगरात बिबट्या दिसतो, सिंह नाही. पण एवढा बारीक विचार त्या प्रशिक्षणात शिकवत नसावेत.

आमचं केंद्र कपिलधारच्या रस्त्याला आहे. डोंगरातली सीताफळं इथं येतात, बाया गर काढतात, तो गोठवून आम्ही पुण्याच्या एका आइसक्रीमवाल्याला देतो. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे, गर तपासणं माझं काम. बाया आणणं मालनबाईंचं. त्या मुकादम, आणि ऊसतोडीला असते तशी त्यांची टोळी होती, त्यांच्याच गावातली, त्यांच्याच शब्दावर आलेली. कोण कुणाशेजारी बसेल तेही त्याच ठरवायच्या. रतनबाईनं फळ फोडलं की अंजू लगेच गर काढायची, कारण उघडा गर हवेत राहिला की गुलाबी पडतो.

सरांना यातलं काही दिसलं नाही. त्यांना दिसली गर्दी, आणि गर्दीची टीम करणं हे आपलं जीवितकार्य आहे असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी बायांच्या मनगटांना लाल आणि निळ्या पट्ट्या बांधल्या, वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या मुद्दाम वेगळ्या केल्या आणि जी टीम जास्त वजनाचा गर काढेल तिच्यातल्या प्रत्येकीला प्रेशर कुकर जाहीर केला. रोज सकाळी कामाआधी हात धरून गोल उभं राहायचं आणि शेजारणीचा एक गुण सांगायचा. शेजारीण उसनी साखर परत देते, एवढा एक गुण रतनबाईला सापडला. बाया पदरात तोंड घालून हसल्या. सरांनी टाळ्या वाजवल्या.

वजनावर बक्षीस ठेवलं तर बाया फळ सालीपर्यंत खरवडतील, असं मी त्यांना सांगून पाहिलं. सालीलगतचा थर रवाळ असतो. तो गरात आला की आइसक्रीम खाताना वाळूसारखा दाताखाली येतो. सर मान हलवत होते. समोरच्याचं कसं ऐकावं हेही प्रशिक्षणात शिकवलं होतं, आणि सरांनी त्यातलं मान हलवणं तेवढं उचललं होतं. शेवटी म्हणाले, "राजश्री, तुझी एनर्जी फार निगेटिव्ह आहे."

लाल टीम जिंकली. कुकर वाटले, फोटो निघाले. त्याच आठवड्यात पुण्याहून माल परत आला. गर रवाळ होता, गुलाबीही पडला होता.

सरांनी बायांना ऐकू जाईल अशा आवाजात खरेदीदाराला फोनवर सांगितलं की मुकादम बाईनं लक्ष दिलं नाही, तिला आम्ही काढून टाकलं आहे. मग मालनबाईंना बोलावून तेच साखरेत घोळून सांगितलं: टीमच्या हितासाठी तुम्ही थोडी विश्रांती घ्या. आमच्या भागात गराची केंद्रं मोजकी आणि खरेदीदार सगळ्यांचे तेच. माल बिघडवणारी मुकादम असं एकदा नाव पडलं की पुढच्या हंगामात मालनबाईंना कुणी दारात उभं करणार नव्हतं.

मालनबाईंनी डोक्याची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि त्या निघाल्या. त्यांच्यामागं रतनबाई उठली, मग अंजू, मग सगळ्याच, लालही आणि निळ्याही. सर दारात आडवे झाले. घाबरल्यावर त्यांची पुणेरी भाषा गळून पडली.

"तुमी कामून चाललात? मी फक्त त्यांना काढलंय."

"आमी मालनमावशीच्या शब्दावर आलोत," रतनबाई म्हणाली. "तुमच्या कुकरवर न्हाई."

सर म्हणजे इथल्याच लिंबागणेश गावचा माणूस. तिथून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला जातात. मुकादम उठला की टोळी उठते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. लोक शिकायला पुण्याला जातात हे मला माहीत होतं. होतं तेही विसरून येणारा मी पहिलाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सर, मी आणि टेम्पोचा चालक सुग्रीव असे तिघं चमचे घेऊन बसलो. पिकलेलं सीताफळ कुणासाठी थांबत नाही. क्रेटांमधली फळं उलत होती, त्यांच्यावर चिलटं बसत होती. दुपारी सरांनी चमचा टाकला आणि मला घेऊन मालनबाईंच्या घरी निघाले. मला कशाला, ते वाटेतच लक्षात आलं. माफीची वेळ आली तर ती मी मागायची होती.

विहारालगतच्या अंगणात मालनबाई मूग पाखडत होत्या. सरांनी उभ्याउभ्याच सुरुवात केली: खरा नेता सेवक असतो, चुकांमधूनच टीम घडते. सूप थांबलं नाही. ते बोलून दमल्यावर मालनबाई म्हणाल्या, "पुण्याला फोन लावा, सायेब. माल कुणी घालवला ते त्यांनाबी कळू द्या."

सरांनी फोन लावला, स्पीकर सुरू केला. नमस्कार झाला, तब्येतीची चौकशी झाली. मग सर म्हणाले, "मागच्या मालात जरा गडबड झाली. आमच्या टीमकडून."

"टीममदी कोन?" मालनबाईंनी विचारलं. "माजं नाव सांगितलंत तवा टीम न्हाई आठवली."

बाई कोण बोलतायत, असं पलीकडून विचारलं गेलं. सर माझ्याकडे पाहू लागले. रवाळ थर, वजन, बक्षीस, सगळं माझ्या तोंडात तयार होतं. मी ते गिळलं आणि दावणीच्या शेळीकडे बघत राहिले.

"वजनावर बक्षीस मी ठेवलं होतं," सर शेवटी म्हणाले. "बाईंची चूक नाही. माझी आहे."

त्या क्षणी त्यांच्यातला नेता जागा झाला, असं कुणी मला सांगू नये. तिकडे फळं उलत होती म्हणून ते इकडे खरं बोलले. फोन ठेवल्यावर ते शाबासकीच्या अपेक्षेनं हसले आणि म्हणाले, "चला मग. टेम्पो आणलाय."

"बसा जरा," मालनबाई म्हणाल्या. "मी एकली ठरवत न्हाई. बायांना इचारून येते. रतन तुमच्यावर लई तापलीय."

त्या चपला घालून गेल्या. गल्लीतून त्यांचा आवाज येत होता. एकेका दारात थांबत होत्या, तिथलीचं म्हणणं पुरतं ऐकून मग पुढच्या दारी जात होत्या. कुठंतरी भांडणासारखा सूर चढला आणि उतरला. सर उठले, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, परत येऊन बसले.

"प्रत्येकीला काय विचारायचं असतं एवढं?" ते मला म्हणाले. "सरळ निरोप पाठवून बोलवायचं ना सगळ्यांना."