मागची भरलेली, पुढची रिकामी

महिपतराव वानखेड्यांना म्हातारपणी गाडीचं वेड लागलंय, असं कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत सगळेच म्हणत. वेड होतंच, पण ते कशापायी लागलं हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. शाळेची एक जुनी सतरा आसनी गाडी त्यांनी आणली, आसनं उपटून काढली, आत पलंग, ओटा आणि हात धुवायचं बेसिन बसवलं, टपावर सौर पॅनल चढवलं. सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ यांनी एके दिवशी काचेवर चिठ्ठी चिकटवली : ‘हे घर असल्यास तसे कळवावे. वाहन असल्यास कधीतरी हलवावे.’ महिपतरावांनी ती वाचली आणि पुन्हा पाना हातात घेतला.

हे सगळं मालनबाईंसाठी चाललं होतं. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दिवसातून चार वेळा पोटातल्या नळीतून औषधाचं पाणी आत सोडायचं, आधीचं बाहेर काढायचं. पिशवी अंगाइतकी कोमट हवी, खोली बंद हवी, हात स्वच्छ हवेत. एक जंतू आत शिरला की खेळ खलास. त्यामुळे बस बंद, रेल्वे बंद, पाहुण्यांची घरं बंद. तीन वर्षांत बाई दवाखान्यापलीकडे गेल्या नव्हत्या. आणि तिकडे मेहकरजवळच्या खेड्यात त्यांची थोरली बहीण गोदाबाई अंथरुणाला खिळली होती. आई गेल्यावर मालनबाईंना तिनंच लहानाचं मोठं केलेलं. तिची नजर आता पार गेली होती आणि फोनमधून येणाऱ्या आवाजावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "हात लावून पाहीन तवाच मालन आली म्हनीन," एवढं एकच पालुपद ती लावून धरी.

आता या गाडीत बॅटऱ्या दोन. मागची घराची; दिवा, पंखा आणि पिशवी गरम करायची गादी तिच्यावर चालायची. पुढची फक्त इंजिन सुरू करायला. गाडी उभी असली तरी घड्याळ, चोरीचा भोंगा असली फुकटी मंडळी पुढच्या बॅटरीला थेंब थेंब पीत राहतात आणि जुनी बॅटरी असली तर काही आठवड्यांत ती राम म्हणते. म्हणून मागची भरली की उरलेलं ऊन पुढचीत जाईल अशी एक डबी महिपतरावांनी बसवली होती. डबीच्या वायरीत एक फ्यूज. काम चोख होतं.

पण खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं वीजतंत्री म्हणून काढलेल्या माणसाला एक खोड असते. काम संपलं की फ्यूज काढायचा आणि तो दुसऱ्या कुणाच्या हाती न देता आपल्याच खिशात ठेवायचा. म्हणजे मागाहून कुणी आंधळेपणानं वीज सोडणार नाही आणि माणसं घरी जातील. या खोडीवर महिपतरावांचा देवापेक्षा जास्त विश्वास. निवृत्त झाल्यावरही ती सुटली नाही. रोज संध्याकाळी फ्यूज खिशात, रोज सकाळी पुन्हा जागेवर. सूनबाई राजनंदिनी हसून म्हणाली होती, "बाबा, गाडीत काय बॉम्ब आहे का?"

रविवारी पहाटे गोदाबाईच्या मुलाचा, शंभूचा फोन आला. "मावशीला आणायचं तर आजच आणा. आई सारखी विचारते, आली का म्हणून. डॉक्टरनं हात टेकले."

सहाची पिशवी घरीच झाली. सातला मालनबाई नातवाचा हात धरून जिना उतरल्या. बावीस दिवसांपूर्वीच पोटात जंतू शिरून त्या मरता मरता वाचल्या होत्या, परवाच दवाखान्यातून घरी आल्या होत्या. तरी बहिणीसाठी त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं. गोदाबाईला रंग दिसणार नव्हता, पण बाईंना तेवढा पोच कुठून असणार त्या घाईत. पलंगावर बसून त्यांनी भोवताली पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं केलंय हो." तीन वर्षांत एवढं कौतुक महिपतरावांचं कुणी केलं नव्हतं. चार वाजता मेहकरात, त्यांनी मनाशी हिशोब केला, शंभूला तसं कळवलं आणि किल्ली फिरवली.

टक्. पुन्हा फिरवली. टक्. मग तेवढंही नाही.

त्यांनी डबीचं झाकण उघडलं. फ्यूजची जागा रिकामी होती. काही तपासायची, मोजायची गरजच उरली नाही. मालनबाईंना ताप भरला त्या संध्याकाळी त्यांनी नेमानं फ्यूज काढला होता. त्यानंतर वीस दिवस दवाखाना, दोन दिवस घरी बाईंची उठबस. येता-जाता ते टपाखालच्या हिरव्या दिव्याकडे बघत आणि सगळं भरलेलं आहे म्हणून निश्चिंत होत. भरलेलं होतं ते मागचं.

"बाबा, तुम्ही हे शोधताय का?" राजनंदिनी वरून धावत आली. तिच्या तळहातावर तो एवढासा फ्यूज होता. "शर्ट धुवायला टाकताना खिशात निघाला होता. नीट ठेवला होता मी." महिपतरावांनी तो घेतला. त्यांना आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग सुरू झाली ती धडपड. मागच्या बॅटरीवरून पुढचीला जोड देऊन पाहिला. एवढा झटका झेपेना, तिनं स्वतःलाच बंद करून घेतलं. बद्रीनाथ आपली छोटी पेट्रोलची गाडी घेऊन आले, आज एकही टोमणा न मारता. त्यांच्या बारीक वायरी तापून वास आला आणि इंजिन ढिम्म हललं नाही. जुनी बॅटरी एकदा तळाला गेली ती गेलीच. राजनंदिनी म्हणाली, "कॅब करूया का?" कॅबमध्ये पिशवी कुठे बदलणार? तेवढ्यासाठी तर ही गाडी होती.

जवळचं दुकान रविवारचं बंद. महिपतराव रिक्षानं मार्केट यार्डकडे गेले. ट्रकवाल्यांच्या एका दुकानात मालक अकराला उगवला. डिझेल गाडीच्या मापाची बॅटरी गोडाऊनमधून यायला दोन वाजले. तोवर मालनबाईंनी बाराची पिशवी पार्किंगमध्येच, त्या गाडीत बदलली. गादी गरम झाली, पंखा फिरला, कशातच खोट नव्हती. त्या वर घरी गेल्या नाहीत. "एकदा चढले की परत उतरवू नका मला," एवढंच म्हणाल्या.

पावणेतीनला इंजिन सुरू झालं.

वाघोलीच्या गर्दीत एक तास गेला. महिपतराव कडेकडेनं, कट मारत, शिव्या खात गाडी हाकत होते. बारापर्यंत पोचू, ते स्वतःला सांगत होते, रात्री बारा म्हणजे काही फार नाही. सुप्याच्या पुढे पिशवीची वेळ झाली तशी त्यांनी गाडी एका मोकळ्या जागेत घेतली. इंजिन बंद करायचा मात्र त्यांना धीर झाला नाही. ते तसंच चालू ठेवून ते मागे आले. मालनबाईंनी हात धुतले, तोंडाला फडकं बांधलं, नळी जोडली. पाणी आत उतरू लागलं आणि फोन वाजला.

महिपतरावांनी तो कानाला लावला. शंभू रडत होता. "पावणेसहाला गेली. चारपर्यंत दाराकडे तोंड करून होती, काका. मग म्हणाली, निजते जरा."

सांगायची गरज पडली नाही. मालनबाई त्यांच्या तोंडाकडेच बघत होत्या. नळी जोडलेली, हलायची सोय नाही. त्या पाठ ताठ ठेवून रडल्या. डोळ्यांचं पाणी फडक्यात जिरत राहिलं, हात कशाला लावायचा नाही म्हणून पुसलंही नाही.

रडं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "नशीब म्हणायचं. गाडीला तरी काय बोल लावायचा."

महिपतरावांना गप्प बसता आलं असतं. सूनबाई कधी बोलली नसती. पण त्या नशिबाला दोष देत होत्या आणि ते त्यांना ऐकवेना. "गाडीचं काही नव्हतं," ते म्हणाले. "दवाखान्यात नेलं त्या दिवशी मी फ्यूज काढला होता. बावीस दिवस परत लावलाच नाही. चारला आपण दारात असतो, मालन."

मालनबाईंनी ऐकलं. पिशवी संपेपर्यंत त्या काचेबाहेर बघत राहिल्या. मग नळीचं टोक बंद केलं आणि फडकं सोडलं.

"सकाळपर्यंत ठेवतील," महिपतराव म्हणाले. "रात्रभर चालवतो. तोंड तरी दिसेल."

"तिला मला बघायचं होतं. हात लावून," मालनबाई म्हणाल्या. "मी तिला आता बघून काय करू?"

महिपतराव पुढे जायला उठले. गाडी अजून थरथरत होती.

"अहो," मागून आवाज आला, "ते बंद करा आधी. आता कसली घाई आहे?"