हसरेसरांचा डावा गाल

कंपनीतली माणसं त्यांना हसरेसर म्हणत. हे आडनाव नव्हतं, तो त्यांचा हुद्दा होता. घरगुती यंत्रं विकणाऱ्या त्या कंपनीत काउंटरवरच्या मुलामुलींना हसायला शिकवणं, एवढंच त्यांचं काम. ओठांचे कोपरे कानांकडे, वरचे दात दिसतील, हिरड्या दिसणार नाहीत, डोळे किंचित बारीक. "हसू मनातून येतं," ते सांगायचे आणि मन बाजूला ठेवून पुन्हा हसून दाखवायचे.

त्या सकाळी त्यांनी वर्गासमोर हसून दाखवलं आणि समोरच्या सगळ्या पोरी फक्त उजवीकडून हसल्या. डावा गाल प्रत्येकीचा मख्ख.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"तुमच्यासारखंच करतोय सर," पहिल्या रांगेतली म्हणाली. "डाव्या बाजूचं उद्या शिकवणार का?"

सरांनी भिंतीवरच्या आरशात पाहिलं. उजवा कोपरा कानाला भिडला होता. डावा जागचा हलला नव्हता. त्यांनी गालाला हुकूम सोडला, पुन्हा सोडला. गाल ढिम्म.

दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले, हातपाय तपासले. कपाळाला आठ्या घालायला सांगितलं. त्या दोन्हीकडे छान पडल्या. दात दाखवायला सांगितलं, तर अर्धेच दिसले. तेवढ्यात सरांचा मेहुणा घाबराघुबरा होऊन आत आला, चाकं असलेल्या स्टुलावर टेकायला गेला, स्टूल मागे सरकलं आणि तो फरशीवर बसला. सर हसले. अगदी पूर्ण, दोन्ही गालांनी.

डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. "आता पुन्हा हसा."

पुन्हा अर्धंच.

"मेंदूच्या उजव्या बाजूला, वरच्या थरात, एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती," त्या म्हणाल्या. "डाव्या गालाला हुकूम तिथून जातो. मुद्दाम हसायचा हुकूम. कपाळाला दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतात, म्हणून ते वाचलं. आपोआप येणारं हसू मेंदूच्या खोल भागातून, दुसऱ्या वाटेनं निघतं. पुढे चेहऱ्याच्या नसेत दोन्ही वाटा एकत्र होतात. तुमची ती दुसरी वाट शाबूत आहे."

"म्हणजे?" सरांच्या बायकोनं विचारलं.

"म्हणजे खरं हसू पूर्ण येईल. करून दाखवलेलं अर्धं येईल."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, मग फरशीवरून उठणाऱ्या भावाकडे. "माझा भाऊ पडला तेव्हाचं हसू खरं होतं तर," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं घाई केली नाही. औषधं वेळेवर दिली, मऊ जेवण दिलं. मग एका संध्याकाळी तिनं आपल्या मावशीची आणि उलट्या घातलेल्या स्वेटरची गोष्ट सांगायला घेतली. लग्न झाल्यापासून या गोष्टीला सर पोट धरून हसत आले होते. ते आताही हसले. ती त्यांच्या डाव्या गालाकडे बघत राहिली.

"तुम्हाला ही गोष्ट कधीच आवडली नाही?"

"आवडते की."

"गाल नाही म्हणतोय."

दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. नंतर मात्र तिला गंमत वाटू लागली. ती पाहुण्यांना मुद्दाम सरांच्या डाव्या बाजूला बसवायची.

कामावर रुजू झाल्या दिवशी मोठ्या साहेबांनी बैठकीत विनोद केला. टेबलाभोवती हशा उसळला. साहेबांची नजर फिरत फिरत सरांच्या चेहऱ्यावर आली आणि अडली. आजाराची हकिगत त्यांच्या कानावर गेलीच होती. संध्याकाळी सरांची बदली तक्रार विभागात झाली. "तिथं तुम्हाला आराम पडेल," साहेब म्हणाले.

तक्रार विभाग तळघरात होता. पहिल्याच दिवशी एक बाई कपडे फाडणाऱ्या वॉशिंग मशीनची तक्रार घेऊन आल्या. सरांना हसणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून ते गप्प राहून ऐकत बसले.

"वरच्या काउंटरवर मी रडकुंडीला आले होते आणि तुमची पोरं दात काढत होती," बाई म्हणाल्या. "तुम्ही पहिले, जे हसला नाहीत."

त्यांनी ही गोष्ट शेजारीपाजारी सांगितली. महिन्याभरात तळघराच्या जिन्यात रांग लागली. सर ऐकायचे, यंत्र उघडून बघायला सांगायचे, बदलून द्यायला लावायचे. या कामाचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. मोठ्या साहेबांनी जिन्यातली रांग पाहिली आणि वेगळाच अर्थ काढला. हा माणूस आल्यापासून तक्रारी वाढल्या, असं त्यांचं मत पडलं.

इकडे व्यायाम चालूच होते. रोज आरशासमोर बोटानं गाल वर उचलायचा आणि तिथेच धरायचा प्रयत्न करायचा. मेंदूचा शेजारचा भाग हळूहळू काम उचलतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तसंच झालं. एका सकाळी कोपरा थरथरला, पुढच्या आठवड्यात उचलला गेला आणि थंडी संपता संपता सर हुकमासरशी दोन्हीकडून हसू लागले. साहेबांनी त्यांना वर बोलावलं, हसून दाखवायला सांगितलं, नीट निरखून पाहिलं आणि सोमवारपासून वर्ग परत दिला.

तळघरातल्या शेवटच्या दुपारी एक म्हातारे गृहस्थ पंखा काखोटीला मारून आले. तीनदा दुरुस्त होऊनही तो फिरत नव्हता. सर खुशीत होते. त्यांनी जुन्या सवयीनं ओठांचे कोपरे कानांकडे नेले, वरचे दात दाखवले.

म्हाताऱ्यांनी पंखा टेबलावर ठेवलाच नाही. "तुमच्याबद्दल वेगळं ऐकलं होतं," ते म्हणाले आणि जिना चढून गेले. सरांनी हाक मारली. पंख्याचं एक पातं कठड्यावर आपटल्याचा आवाज तेवढा आला.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "कसा गेला दिवस?"

सर हसले. तिनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"बरा गेला की वाईट, ते तोंडानं सांगा," ती म्हणाली. "आता चेहऱ्यावरून काही कळायचं नाही."

सर चपला काढायला वाकले. "वाईट," ते म्हणाले.