कोरायचे राहिलेले डोळे

नट मेला की त्याच सकाळी त्याचं मरणचित्र दुकानात लागावं लागतं. म्हणून आमच्या एदो शहरात त्याचा लाकडी ठसा आजारपणातच कोरून ठेवतात. फिका निळा पोशाख, हातात जपमाळ; तारखेची जागा तेवढी मोकळी. असे ठसे मी पुष्कळ कोरले. हात कधी अडखळला नाही.

या वेळी फळीवर तोमेकिची होता. माझा मुलगा. नटाच्या घराण्याने त्याला दत्तक घेतलं, तेव्हापासून तो या घरी आला नाही आणि मी त्याचं नाटक पाहिलं नाही. त्याच्या चित्रांचे ठसे मात्र मीच कोरत आलो. त्याचं वय मला कागदावरून कळत गेलं. आता छातीच्या दुखण्याने त्याने अंथरूण धरलं होतं.

पोशाख कोरला, हात कोरले, कपाळावरचे केस अर्धे केले आणि थांबलो. ठसा पुरा होत नाही तोवर तो जाणार नाही, असं मनाने घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्याने पेज घेतल्याचं कळलं. मी सुरी फडक्यात गुंडाळली.

"मिस्त्री, डोळे कधी?" प्रकाशक योहेई दारातूनच ओरडला. "वर्षश्राद्धाला विकू का चित्र?"

"एवढी घाई असेल तर आधी तुझं कोरून देतो."

"जमत नसेल तर दुसऱ्याकडे देतो."

"त्याचे केस दुसऱ्या कुणाला जमत असतील, तर उचल फळी."

तो पुटपुटत गेला.

दुपारी जेवून आलो, तर कपाळावर एक केस जास्त होता. वाटलं, म्हातारपण, कोरला असेन आणि विसरलो असेन. पुढच्या दुपारी सगळे केस पुरे होते, फळीवर ताजा कीस पडला होता. घरात आम्ही दोघंच, आणि बायको ओताकी तर माझ्यासमोर जेवत होती. मग एक डोळा झाला. त्याच दिवशी निरोप आला, तोमेकिचीला पाणीही गिळवत नाही.

"अहो, हे कुणी केलं?" ओताकीने विचारलं.

मी फळी उजेडात धरली. केसाला केस लागलेला नव्हता. सुरीच्या कापाचा उतार मात्र उलटा, डाव्या हाताचा. या घरात डाव्या हाताने कोरणारा एकच होता, लहानपणी माझ्या शेजारी बसून शिकलेला.

"दमला असेल हो तो," ओताकी म्हणाली. "किती अडवून धरायचं?"

मी फळीवर हात ठेवला. मग सुरीला धार लावली, ती फळीच्या डाव्या बाजूला ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

पाठीमागे लाकूड किसल्याचा आवाज सुरू झाला.

"हळू," मी म्हणालो. "पापणी नाजूक असते."