चार-सहाची काठी

माझ्या नवऱ्याचं, गोरक्षचं, असं आहे की भाजीत मीठ कमी पडलं तर चालेल, पण रोपांची ओळ वाकडी गेलेली चालणार नाही. चांदवडला डाळिंबाची नवी लागवड त्यानं स्वतः दोरी धरून केली. दहा ओळी, ओळीत दहा रोपं, प्रत्येकाला आधाराची काठी. पाहुण्यांना तो चहाआधी त्या ओळी दाखवायला नेतो.

माझी नणंद ज्योत्स्ना नाशिकच्या कॉलेजात गणित शिकवते, तासिका तत्त्वावर, इतकी वर्षं. कायमच्या जागेसाठी तिची मुलाखत ठरली होती आणि समितीसमोर शिकवून दाखवायचं होतं. तिनं आमची बागच विषयाला घेतली. कोपऱ्यातल्या काठीशी उभं राहायचं. पुढे दोन, उजवीकडे तीन मोजलं की येणारी काठी दिसते. पुढे चार, उजवीकडे सहा ही मात्र बरोबर तिच्यामागे झाकली जाते. दोन्ही आकड्यांना एकाहून मोठ्या अशा एकाच संख्येनं भाग गेला की काठी लपली. शेत चौकोनी असो की गोल, भरपूर मोठं असलं की शंभरातल्या साधारण एकसष्ट काठ्या दिसणार. आमच्या एवढ्याशा बागेत सत्तावन्न.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती पडताळायला आली आणि मोजल्या तर अठ्ठावन्न. पुन्हा मोजल्या, तरी तेच. तिचा चेहराच उतरला. घरचं शेत ऐकत नाही तर समिती काय ऐकणार, म्हणाली, आणि विषय बदलायला निघाली. वर गोरक्षला चेव चढला: माझी दोरी चुकत नसते, तुझंच गणित तपास. मला दोघांचाही राग आला.

मी सरळ बागेत शिरले. ज्या लपायला हव्यात त्या एकेका काठीला हात लावते, तुम्ही तिथून बघा, असं तिला सांगितलं. बऱ्याच झाल्या, एकही दिसेना. चार-सहाला हात लावला आणि ती ओरडली, "वहिनी, हलू नका, ही दिसतेय!"

धावत आली, दोरी ताणली. काठी चांगली हातभर बाजूला. माझ्या अंगावर काटा आला. एका जागी उभं राहून, नुसत्या एकाच्या फरकावरून हिनं अख्ख्या बागेतलं चुकार झाड पकडलं होतं! आम्ही दोघी नाचायच्याच बाकी राहिलो.

गोरक्ष मान खाली घालून म्हणाला, "तिथं खाली कातळ लागला व्हता. खड्डा सरकवला. कोणाला कळंल असं वाटलं नाय."

ज्योत्स्नाला आता दम धरवेना. उद्या सुरुवातच या जास्तीच्या काठीपासून करते, म्हणाली. मग भावाकडे बघून जरा चाचरली. समितीत चांदवडचे एक सर होते. नाव घेणार नाही, एका शेतकऱ्याची बाग एवढंच सांगेन, असं तिनं कबूल केलं.

"नाव घे," गोरक्ष म्हणाला. "सांग, माझ्या भावाची ओळ वाकडी हाय, आन् ती मी उभ्या जागंवरून पकडली."

लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.