ताटावरचा आडवा हात

अनघाच्या सासूबाईंचा, म्हणजे सरोजिनीबाईंचा, ठाम समज होता की पाहुणा ‘नको’ म्हणतो ते निव्वळ लाजून. म्हणूनच केनियाहून सिंगापुरात, त्यांच्या मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये उतरलेल्या म्वानाईशाच्या ताटात त्यांनी तिसरी पुरणपोळी टाकली.

“आजी, शी सेड नो लाह!” नात जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

म्वानाईशाने हसत ताटावर हात आडवा धरला. “आमच्याकडे आधी विचारतात, मग वाढतात,” ती इंग्रजीत म्हणाली.

अनघाने ते मराठीत सांगितलं. “विचारलं तर हो कोण म्हणतं, बाई!” म्हणत सासूबाईंनी हात चुकवून पोळीवर तुपाची धार सोडली.

अनघाला ही पाहुणी मनापासून आवडली होती. समुद्र गावात शिरू लागला तेव्हा कुणाची वाट न बघता म्वानाईशाने गावच्या बायकांना घेऊन किनाऱ्यावर खारफुटी लावली, पोरासारखी वाढवली. अनघा नोकरी करत होती तो रॅफल्स प्लेसमधला हवामान निधी आता त्या कामाला पैशांची मदत करणार होता. त्या खारफुटीबद्दलचे निर्णय कोण घेणार, गावच्या बायका की सिंगापुरात बसणारी समिती, एवढंच उद्याच्या बैठकीत ठरायचं होतं. म्वानाईशा आली होती ती त्यासाठीच.

अनघाने तिच्यासाठी काय कमी केलं? एसीत गारठेल म्हणून स्वतःची शाल दिली. भाषणातली दोन तिखट वाक्यं गोड करून दिली. वर साहेबांच्या मागे लागून समितीत गावासाठी एक खुर्ची मिळवली. ते मात्र तिला सांगितलं नाही. बैठकीतच कळू दे, कशी खूश होईल!

दुसऱ्या दिवशी बैठकीत निधीच्या अध्यक्षांनी विचारलं, “समितीत एक जागा. गावाला मान्य?”

म्वानाईशा तोंड उघडणार तोच अनघा माइककडे झुकली. “हो, गावाला अगदी...”

माइकवर एक हात आडवा आला.

“गावाला कुणी विचारलेलंच नाही,” म्वानाईशा शांतपणे म्हणाली. “आमच्याकडे सगळे एकत्र बसून ठरवतात. गावाने मला एकच निरोप देऊन पाठवलंय. मदत तुम्ही करा, निर्णय आमच्याकडे राहू द्या. त्यात बदल करायचा हक्क मलाही नाही.”

अनघाची कानशिलं तापली. ताटातलं ते तूप तिच्या डोळ्यांसमोर आलं.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मी न विचारताच हो म्हटलं. आपणच तिकडे जाऊन विचारू या.”

अध्यक्ष बरेच कुरकुरले. पण समितीचा विषय थांबला, आणि पुढची बैठक म्वानाईशाच्या गावात, त्या बायकांसमोर घ्यायची ठरली.

घरी परतताना एमआरटीच्या गाडीत अनघाने हळूच विचारलं, “रागावलीस?”

“तुझ्यावर? तू काही मला उपाशी ठेवत नव्हतीस, न विचारता वाढत होतीस!” म्वानाईशाने तिचा हात हातात घेतला. अनघाचे डोळे भरून आले.

घरी सासूबाई भाताचं पातेलं घेऊन सज्जच होत्या. डाव ताटावर आला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच अनघाने त्यांचं मनगट धरलं.

“आई, आधी विचारा.”

सासूबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. मग जरा फुरंगटूनच म्हणाल्या, “बरं. ईशा, वाढू का गं?”

अनघाने इंग्रजीत सांगायच्या आतच म्वानाईशाने ताट पुढे केलं. “येस, आई. भरपूर.”